कोंबड्याची पिसं लावलेला डायनासोर

सेलूच्या एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. त्यांचं लेकरू सातवीत आहे. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी त्यानं कागदाच्या लगद्याचा वेलोसिरॅप्टर, म्हणजे एक छोटा शिकारी डायनासोर, केला. उंची गावठी कुत्र्याएवढी, आणि अंगभर आजीच्या कोंबड्याची तांबडी-काळी पिसं चिकटवलेली. परीक्षक आले, हसले, म्हणाले, "हा तर कोंबडा झाला. डायनासोर कसा असतो ते सिनेमात बघितलं नाहीस का?" आणि पुढच्या टेबलाकडं गेले. पोरगं दोन दिवस जेवलं नाही म्हणे. ताईंचं म्हणणं, सिनेमातले डायनासोर शास्त्रशुद्ध असतात का आणि चूक नेमकी कुणाची ते सांगा. जोडीला आणखी एक प्रश्न आहे: आपल्या मराठवाड्यात डायनासोर होते का? कारण विहिरीच्या खोदाईत निघालेलं एक 'अंडं' त्यानं कपाटात जपून ठेवलंय.

मी कॉलेजात २८ वर्षं भूशास्त्र शिकवलं. या काळात माझ्या टेबलावर अशी किमान चाळीस 'अंडी' येऊन गेली असतील. त्यामुळं तिन्ही गोष्टींवर थोडं बोलता येईल.

आधी निकाल सांगतो, म्हणजे लेकरू जेवायला बसेल. पिसांच्या बाबतीत ते बरोबर आहे आणि परीक्षक चुकले. उंचीही त्यानं बरोबर धरली. मॉडेलमध्ये दुसऱ्या एक-दोन चुका असण्याची शक्यता आहे, त्या शेवटाकडं सांगतो.

आता खरी अडचण कुठं आहे बघा. परीक्षकांनी डायनासोर पाहिलेला नाही, मी पाहिलेला नाही, सिनेमा काढणाऱ्यानंही नाही. तरी त्यांच्या हातात मोजपट्टी होती सिनेमाची. 'सिनेमातला डायनासोर खरा की खोटा' असं विचारलं की उत्तर अडकतं, कारण एकाच जनावराचे पाय पक्क्या पुराव्यावर उभे असतात, कातडी अर्ध्या पुराव्यावर असते आणि आवाज निव्वळ हवेतून काढलेला असतो. म्हणून मी विद्यार्थ्यांना एकच शब्द विचारायला लावायचो: कशावरून?

'ज्युरासिक पार्क' १९९३ सालचा. तो आला तेव्हा मी तरुण होतो आणि सिनेमा बघून नाक मुरडणाऱ्यांत होतो. आज उलट सांगतो. त्या वर्षीच्या मानानं त्यात बरंच नीट होतं. त्याआधीच्या चित्रांतला डायनासोर म्हणजे शेपूट जमिनीवर फरपटवत, कांगारूसारखा उभा राहिलेला सुस्त सरडा. १९६९ मध्ये जॉन ऑस्ट्रॉम यांनी डायनोनिकस या शिकाऱ्याचं वर्णन केलं. चपळ जनावर, ताठ शेपूट, पायाला विळ्यासारखी नखी. त्यानंतर डायनासोर चपळ असावेत आणि पक्षी त्यांच्यातूनच आले असावेत, या मताला जोर चढला. सामान्य माणसापर्यंत हे मत पोचवलं ते या सिनेमानं. टी-रेक्सची पाठ आडवी, शेपूट उचललेली, डोकं आणि शेपूट तराजूच्या दोन पारड्यांसारखी. हे सगळं हाडांच्या सांध्यांवरून कळतं आणि ते पक्कं आहे.

पिसांचं काय? इथं तारखा बघायच्या. पिसांसारखं आवरण असलेला पहिला डायनासोर चीनच्या ल्याओनिंग भागातून १९९६ मध्ये जगापुढं आला, म्हणजे सिनेमानंतर तीन वर्षांनी. तळ्याच्या बारीक गाळात दबल्यामुळं त्याच्या अंगावरचे तंतूसुद्धा दगडात उमटले होते. त्यानंतर त्याच भागातून पिसांचे डायनासोर निघतच राहिले. वेलोसिरॅप्टर मात्र मंगोलियाच्या वाळूतला. वाळूत पिसं टिकत नाहीत. तरीही २००७ मध्ये त्याच्या हाताच्या हाडावर ओळीनं बारीक उंचवटे सापडले. कबुतरासारख्या पक्ष्याच्या पंखाच्या हाडावर असतात तसलेच, पिसाचं मूळ जिथं हाडाला बांधलेलं असतं तिथले. पिसं कुजून गेली, खुंट्या राहिल्या. गोठ्यात बैल नसला तरी दावणीवरून कळतं ना इथं बैल बांधत होते, तसंच हे. तेव्हा वेलोसिरॅप्टरला पिसं होती हे आज अंदाजानं म्हणावं लागत नाही. उडता येत नव्हतं, पण हाताला पिसं होती.

१९९३ च्या सिनेमाला म्हणूनच मी पिसांबद्दल दोष देत नाही. नंतरच्यांना देतो. २००१ च्या भागात काही रॅप्टरांच्या (म्हणजे वेलोसिरॅप्टरांच्या) डोक्यावर चार काड्या खोचल्या आणि २०१५ च्या भागात पुन्हा सगळे गुळगुळीत. प्रेक्षकाला ज्या रूपाची सवय झाली ते बदलायला धंद्याची तयारी नसते, हे समजू शकतं. त्यांनी कथेतच पळवाटही ठेवली आहे: ही जनावरं प्रयोगशाळेत, बेडकाचा वगैरे डीएनए मिसळून बनवलेली, म्हणून ती जुन्यासारखी दिसायलाच पाहिजेत असं नाही. वकिली म्हणून ठीक आहे. २०२२ च्या भागात एकदाचे पिसांचे डायनासोर पडद्यावर आले.

मात्र याचा अर्थ सगळ्यांना पिसं लावत सुटा असा नाही. टी-रेक्सच्या कातडीचे जे तुकडे दगडात उमटलेले मिळाले, त्यांच्यावर बारीक खवले आहेत. २०१७ मध्ये त्यांचा नीट अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याचाच लांबचा, वयानं जुना नातलग युटिरॅनस साधारण नऊ मीटर लांब होता आणि त्याला पिसांचं दाट आवरण होतं. एकाच खानदानात एक केसाळ, एक टकला. आता टी-रेक्सच्या पाठीवर कुठं थोडी पिसं होती का? तुकडे सगळ्या अंगाचे नाहीत, म्हणून ती शक्यता पुरती पुसता येत नाही. सिनेमातला खवल्यांचा टी-रेक्स आज तरी पुराव्याच्या जवळ आहे. गंमत अशी, की ज्या सिनेमाला लोक पिसांवरून नावं ठेवतात तो या एका जनावरापुरता बरोबर ठरला.

रंगाचं म्हणाल तर पूर्वी मी वर्गात सांगायचो, रंग कधीच कळणार नाही. हे विधान मला गिळावं लागलं. २०१० मध्ये डायनासोरांच्या पिसांच्या जीवाश्मात रंगद्रव्याच्या सूक्ष्म पिशव्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या. त्यांच्या आकारावरून काळा की तांबूस हे ओळखता येतं. वर सांगितलेल्या १९९६ च्या चिनी डायनासोरच्या शेपटीवर तांबूस आणि फिक्या रंगाचे पट्टे होते, हे आता कळलंय. वेलोसिरॅप्टरबाबत मात्र असा पुरावा नाही. म्हणजे लेकरानं पिसं लावली हे ज्ञान, आणि ती तांबडी-काळी लावली ही आजीच्या कोंबड्याची कृपा.

आकाराचा घोळ वेगळाच आहे. खरा वेलोसिरॅप्टर शेपटीसकट साधारण सहा-सात फूट लांब, कमरेशी जेमतेम पावणेदोन फूट उंच, वजन पंधरा-वीस किलो. आपल्या गल्लीतलं कुत्रं त्याला पुरून उरेल असं म्हणत नाही, पण बरोबरीची लढत होईल. सिनेमात तो माणसाच्या डोळ्याला डोळा भिडवतो. हे कसं झालं? १९८८ मध्ये एका अभ्यासकानं डायनोनिकसला वेलोसिरॅप्टर या नावाखालीच घातलं होतं. ज्या कादंबरीवरून सिनेमा निघाला तिच्या लेखकानं ते वर्गीकरण घेतलं, आणि नावाला धारही होती. अंग डायनोनिकसचं, नाव वेलोसिरॅप्टरचं. पडद्यावर येताना ते अंगही आणखी फुगलं. आणि सिनेमा आला त्याच वर्षी अमेरिकेतून युटारॅप्टरचं वर्णन प्रसिद्ध झालं, तो सिनेमातल्याहूनही धिप्पाड! नशीब सिनेमावाल्यांचं. पण तो दुसरा प्राणी, दुसऱ्या काळातला.

डायलोफोसॉरसचं याच्या उलट केलं. तो सिनेमात छोटा, गळ्याभोवती छत्री उघडणारा, विष थुंकणारा. प्रत्यक्षात सहा-सात मीटर लांब, आपल्या काळातला मोठा शिकारी. छत्रीचा पुरावा नाही, विषाचाही नाही. तो भाग शुद्ध कल्पना आहे आणि पटकथा म्हणून मला आवडतो.

टी-रेक्ससमोर हालचाल न करता उभं राहिलं की तो बघत नाही, ही समजूत तर लेकरांच्या डोक्यात पक्की बसलेली असते. त्याच्या कवटीत डोळ्यांच्या खोबणी पुढं वळलेल्या आहेत, म्हणजे दोन्ही डोळ्यांची नजर एकत्र येऊन अंतराचा चांगला अंदाज यायचा. मेंदूच्या पोकळीचा साचा बघितला तर वासाचा भागही मोठा. तुम्ही खांबासारखे उभे राहिलात तरी त्याला तुम्ही दिसला असता आणि त्याआधी घामाचा वासही गेला असता. धावण्यात मात्र तो सिनेमाएवढा नव्हता. सात-आठ टनांचं जनावर जीपच्या मागं भरधाव पळालं तर पायाची हाडं आणि स्नायू तो भार पेलत नाहीत, असं बहुतेक गणितं सांगतात. नेमका वेग किती यावर अभ्यासकांत एकमत नाही. कुणी ताशी २० किलोमीटरच्या आसपास म्हणतं, कुणी त्याहून बरंच जास्त. जीप तिसऱ्या गिअरमध्ये असेल तर तुम्ही वाचलात एवढं मी सांगतो.

आवाज हा सिनेमाचा सगळ्यात मोठा विजय आणि पुराव्याच्या दृष्टीनं सगळ्यात पोकळ भाग. ती डरकाळी हत्तीचं पिल्लू, वाघ, मगर अशा जनावरांचे आवाज मिसळून तयार केली. कंठ मऊ असतो, तो सहसा दगडात उतरत नाही. जवळचे नातलग बघायचे तर एकीकडं मगर, दुसरीकडं पक्षी. शहामृगाचा नर तोंड मिटून, गळा फुगवून घुमतो. मगरीचा घुमारा तर पाण्याला थरथर आणतो. त्यामुळं काही मोठे डायनासोर तोंड मिटूनच घुमत असावेत असा तर्क आहे. शिकार करायला निघालेलं जनावर आधी आरोळी ठोकतं हे तर कुठल्याही मांजरीला विचारा, पटणार नाही. एक अपवाद सांगतो: पॅरासॉरोलोफस या शाकाहारी डायनासोरच्या डोक्यावरच्या लांब तुऱ्यात हवेच्या पोकळ नळ्या आहेत. तिथं हाडच वाद्य झालंय, म्हणून त्याच्या आवाजाबद्दल थोडं धिटाईनं बोलता येतं.

काळ आणि जागेची सरमिसळ मी पटकन उरकतो. टी-रेक्स आणि वेलोसिरॅप्टर हे ज्युरासिक काळातले नाहीतच, नंतरच्या क्रिटेशस काळातले आहेत. स्टेगोसॉरस साधारण १५ कोटी वर्षांपूर्वीचा आणि टी-रेक्स ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी संपला. दोघांमधलं अंतर टी-रेक्स आणि आपल्यामधल्या अंतरापेक्षा जास्त आहे. स्पायनोसॉरस उत्तर आफ्रिकेतला, तो टी-रेक्सशी भांडायला अमेरिकेत जाणं शक्य नव्हतं. उडणारे टेरोसॉर आणि समुद्रातला मोसासॉरस हे मुळात डायनासोर नव्हेत. आणि राळेत अडकलेल्या डासातून डीएनए काढायची गोष्ट तर सोडाच. आजवर वाचता आलेला सगळ्यात जुना डीएनए साधारण २० लाख वर्षांचा आहे, तोही ग्रीनलंडच्या गोठलेल्या मातीतला.

आता आपल्या मुलखाकडं येऊ, कारण इथं सिनेमापेक्षा भारी गोष्ट आहे.

मराठवाड्यात आपण जवळजवळ सगळीकडं काळ्या पाषाणावर राहतो. हा दख्खनचा लाव्हा साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या आगेमागे थरावर थर पसरला. म्हणजे वेरूळचं कैलास ज्या दगडात कोरलंय तो दगड वाहत होता तेव्हा डायनासोरांचे शेवटचे दिवस चालू होते. ते इथं फिरत असणार यात मला शंका वाटत नाही. पण त्यांची हाडं टिकतात गाळात, तापलेल्या लाव्ह्यात नव्हे. तो गाळ आपल्याकडं लाव्ह्याखाली गाडला गेला. जिथं लाव्ह्याची चादर फाटली किंवा संपली तिथं तो उघडा पडतो: चंद्रपूर, जबलपूर, गुजरातेत बालासिनोर. जबलपूरला स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याला १८२८ मध्ये हाडं मिळाली, तेव्हा 'डायनासोर' हा शब्दही जन्मला नव्हता. तो १८४२ चा. बालासिनोरजवळच्या हाडांवरून २००३ मध्ये राजासॉरस हे नाव दिलं गेलं, आपला देशी शिकारी. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावचा आयसीसॉरस हा लांब मानेचा शाकाहारी डायनासोर तर महाराष्ट्राचाच. 'प्रीहिस्टॉरिक प्लॅनेट' या मालिकेच्या २०२३ च्या भागांत हाच आयसीसॉरस दख्खनच्या ज्वालामुखीत अंडी घालायला येतो असं दाखवलंय. लेकराला ते जरूर दाखवा. त्यातही तर्क आहेत, पण हाडांना धरून केलेले.

त्याच चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुरा नावाचं गाव आहे. मी विद्यार्थ्यांना तिकडं नेत असे. शेतात दगड झालेल्या शेणाचे गोळे मिळतात. पोरं आधी नाक धरायची, मग हातात घ्यायची. या शेणात गवताच्या पेशींतले वाळूसारखे सूक्ष्म कण निघाले, आणि २००५ मध्ये जगाला कळलं की डायनासोरांच्या शेवटच्या काळात गवत होतं आणि त्या जनावरांच्या पोटात जात होतं. तोवर गवत त्यांच्यानंतरचं मानत असत. आता सिनेमातलं ते हिरवंगार कुरण आठवा, ज्यात लांब मानेचा ब्रॅकिओसॉरस डौलात चालतो. त्या प्राण्याच्या स्वतःच्या काळात तसलं कुरण नव्हतं. डायनासोरवर एवढं भांडणारे लोक पायाखालच्या गवताकडं बघतच नाहीत.

ताईंच्या विहिरीतल्या 'अंड्या'बद्दल. फोटो नाही, म्हणून शंभर टक्के सांगत नाही. पण मुरमातून निघालेला गोल गोळा हा बहुतेक वेळा काळ्या पाषाणाचाच असतो. पाषाणाला चौकटीसारख्या भेगा असतात, भेगांतून पाणी मुरतं. चौकोनी ठोकळ्याचे कोपरे तिन्ही बाजूंनी झिजतात म्हणून आधी कोपरे जातात आणि आत गोळा उरतो. त्याला कांद्यासारखे पापुद्रे सुटतात. घरी तपासायचं तर नखानं कडा सोलून बघा. एकाखाली एक पापुद्रा निघत राहिला तर तो दगड. अंड्याला कवच एकच असतं, फार तर दोन-तीन मिलिमीटरचं, आणि भिंगातून त्यावर बारीक छिद्रं दिसतात. फसायला लाज वाटू नये. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात नेमकं उलट झालं: लोक पिढ्यान्‌पिढ्या गोल दगड कुलदैवत म्हणून पूजत होते, ती खरी डायनासोरची अंडी निघाली. आणि एक, लोणारच्या उल्केनं डायनासोर मेले असं कुणी सांगितलं तर मान हलवू नका. लोणार साधारण पावणेसहा लाख वर्षांपूर्वीचं आणि पावणेदोन किलोमीटर रुंद. ज्यानं त्यांचा घात केला तो खड्डा मेक्सिकोत आहे, दीड-दोनशे किलोमीटरचा.

मांजरेच्या किंवा गोदावरीच्या गाळात मात्र डोळे उघडे ठेवा. तिथं हत्ती आणि रानबैलांचे अवशेष मिळतात. एकदा वाळूच्या ट्रॅक्टरमधून आलेली, विटेएवढी दाढ घेऊन एक शेतकरी माझ्याकडं आला होता, "सर, राक्षसाची हाय." हत्तीची होती. डायनासोरच्या मानानं कालपरवाची, पण खरी.

आता मॉडेलच्या चुका. हात कसे केलेत ते बघा. सिनेमातले रॅप्टर पेटी वाजवायला बसल्यासारखे पंजे खाली करून धरतात. मनगटाचं हाड तसं वळू देत नाही. टाळी वाजवताना तळवे समोरासमोर येतात, तसे हवेत. हाताची पिसं लांब ठेवा, नुसता कोट घातल्यासारखी नकोत. पायाचं आजीच्या कोंबड्याकडं बघूनच करा: मागं वाकतो तो गुडघा नसून घोटा आहे, गुडघा वर मांडीजवळ पिसांत लपलेला असतो. आणि पुढच्या रविवारी कोंबडी आणली तर छातीच्या वरचं दोन फाट्यांचं हाड धुऊन त्याच्या टेबलावर ठेवा. तसलंच हाड वेलोसिरॅप्टरला होतं, टी-रेक्सलाही होतं. पुढच्या परीक्षकानं "हा कोंबडा आहे" म्हटलं की पोरानं ते हाड त्यांच्या हातात द्यावं. सोबत एक पाटी: पिसं, पुरावा आहे. उंची, पुरावा आहे. रंग, माझा.

सुट्टीत जमलं तर हैदराबादला जा. सेलूहून सिकंदराबादला थेट गाडी आहे. तिथल्या बिर्ला विज्ञान केंद्रात कोटासॉरस या लांब मानेच्या डायनासोरचा सांगाडा उभा आहे. यामनपल्ली गावाजवळ, म्हणजे आपल्या पैठण-नांदेडहून वाहत जाणाऱ्या गोदावरीच्याच खालच्या खोऱ्यात मिळालेला. पायाची, पाठीची बहुतेक हाडं सापडली, कवटी मात्र सापडली नाही, फक्त दोन दात. लेकराला आधी सांगू नका. सांगाड्यासमोर उभं करा, वर डोक्याकडं बघायला लावा आणि विचारा, "हे कशावरून केलं असेल रे?"